दाराकडे बघणाऱ्या अकरा फुलदाण्या

आमच्या यांना व्यसन एकच. वाकडं दिसलं की सरळ करायचं. भिंतीवरचं कॅलेंडर, दाराशी काढलेल्या चपला, शेजाऱ्यांच्या नावाची पाटी, काही म्हणजे काही सुटत नाही. एकदा डॉक्टरांच्या टेबलावरचं पेन यांनी टेबलाच्या कडेला समांतर लावून ठेवलं. डॉक्टरांनी ते उचललं, लिहिलं, खाली ठेवलं. यांनी परत समांतर केलं. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "हे कधीपासून आहे?" मी म्हटलं, "लग्नाच्या आधीपासून असणार. मला नंतर कळलं."

चौतीस वर्षं हे चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात तपासणीला होते. पट्ट्यावरून ताटल्या, कप, किटल्या सरकत यायच्या. हे एकेक उचलायचे, डोळ्यांसमोर धरून फिरवायचे आणि खोट दिसली की बुडाला लाल मेणपेन्सिलीने फुली मारायचे. फुलीचा माल बाजारात जात नसे. कारखान्यात यांना 'ओळंबा' म्हणत. भिंत सरळ उठली की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. यांना हे नाव बक्षिसासारखं वाटायचं.

आता गंमत अशी, की फुलीचा माल कामगारांना घरी न्यायला मिळायचा. त्यामुळे ज्या माणसाने चौतीस वर्षं एक वाकडं भांडं बाहेर जाऊ दिलं नाही, त्याच्या स्वतःच्या घरात एक सरळ भांडं आलं नाही. आमची ताटली टेबलावर ठेवली की डुगडुगते. किटलीचं झाकण एकाच बाजूने बसतं. पाहुणे आले की हे प्रत्येक कपाची खोट सांगतात आणि मग त्यातून चहा देतात.

आमची मुलगी याच भांड्यांवर वाढली. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणायला लागलो, ते बत्तिसाव्या वर्षीही सुटलेलं नाही. तिचा दुधाचा कप एका बाजूला चांगलाच कललेला होता. तो ती समोर ठेवायची आणि शाळेतलं सगळं त्याला सांगायची. "हा नीट ऐकतो," म्हणायची. "बाकीचे नुसते उभे असतात."

हे मी तेव्हा लक्षात ठेवायला हवं होतं.

भिंगरी फरशीच्या दुकानात नमुने दाखवायच्या नोकरीला होती. आठ महिन्यांपूर्वी ती सोडून तिने आमच्या बंद केलेल्या गॅलरीत चिनी मातीच्या वस्तू करायला सुरुवात केली. खाली शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये एक लहान विजेची भट्टी बसवली. वस्तू म्हणजे ढेरपोट्या बरण्या, पाय दुमडून बसलेल्या वाट्या, असलं काहीबाही. लोक बघायचे, हसायचे आणि पुढे जायचे. शेवटी एक काम आलं. त्यावर तिने स्वतःशी ठरवून टाकलं होतं: हे साधलं तर पुढे जायचं, नाही साधलं तर पहिल्या तारखेला परत फरशीच्या दुकानात. दुकानदाराने खुर्ची तेवढेच दिवस रिकामी ठेवली होती.

काम आणलं होतं घरं सजवून देणाऱ्या एका बाईंनी. चष्मा कायम डोक्यावर, फोन कायम हातात. त्या म्हणाल्या, "हल्ली सगळी घरं राखाडी झालीत हो. भिंती राखाडी, कपाटं भिंतीत लपलेली, माणसाला स्वतःच्या घरात पाऊल टाकायची भीती वाटते. मला तिथे कुणीतरी खोडकर हवंय." त्यांच्या नव्या घरात दारातून आत गेलं की एक लांब अरुंद बोळ होता आणि त्याच्या एका भिंतीत ओळीने अकरा कोनाडे. प्रत्येक कोनाड्यात एक फुलदाणी. पांढरीशुभ्र, वीत-दीड वीत उंच, पुढे दोन गुडघे, मधोमध एक नकटं नाक आणि डोक्यावर फुलं खोचायला तोंड. आणि मुख्य म्हणजे अकराही जणी एका अंगाला, दाराकडे कललेल्या. बेल वाजली की घरातली चिल्लीपिल्ली कशी मान वाकडी करून कोण आलं ते बघतात, तशा.

चित्र भिंगरीने फ्रिजच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवलं होतं. आतल्या बाजूने, म्हणजे दुधाच्या पिशव्यांमागे. मला एकदा दाखवलं आणि म्हणाली, "बाबांना नको सांगूस. ते आधी हसणार नाहीत, मग बोलणार नाहीत, मग ओळंबा आणतील."

मी नाही सांगितलं. माझी चूक तेवढीच. पण पुढचं सगळं त्या एवढ्याशा चुकीला लोंबकळत आलं.

अशा फुलदाण्या कशा होतात ते सांगते, म्हणजे पुढचा घोळ कळेल. प्लॅस्टरचा दोन अर्धुकांचा साचा असतो. त्यात ताकासारखी पातळ केलेली माती ओततात. प्लॅस्टर पाणी शोषतं, कडेला मातीची साय धरते, मधली पातळ माती ओतून टाकतात. साचा उघडला की आत पोकळ फुलदाणी. पण तो साचा परत कोरडा व्हायला दिवस जातो. म्हणजे साचा एक असेल तर दिवसाला फुलदाणीही एकच. भिंगरीने अकरा आणि एक जास्तीची, अशा बारा दिवसांत बारा ओतल्या. साचाच कललेला केला होता. वर हाताने कुणाला थोडं जास्त, कुणाला थोडं कमी वाकवलं होतं. पहिली वाळून कडक आणि शेवटची ओली असं नको, म्हणून सगळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ओलसर ठेवल्या होत्या. आता हळूहळू सगळ्या एकदम वाळवायच्या होत्या.

नेमकं तेव्हाच त्या घरी सुताराने कोनाडे चुकवले. दोन दिवस तिथे जाऊन उभं राहणं भाग होतं. भिंगरीने गॅलरीच्या दारावर कागद लावला:

'१. सकाळी प्लॅस्टिक काढायचं. २. अर्ध्या तासाने परत झाकायचं. ३. हात लावायचा नाही.'

हे म्हणाले, "तिसरं कशाला लिहिलंस? पहिली दोन वाचून कळलं नसतं का मला?"

"बाबा, तिसरं तुमच्यासाठीच लिहिलंय. पहिली दोन कुणीही करेल."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तिसरं."

गुरुवारी सकाळी मी शाळेच्या वाचनालयात लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायला जाते. आठवड्यातला माझा तो सगळ्यात निवांत वेळ, कारण सहा वर्षांच्या तीस मुलांना एकदा सांगितलेलं समजतं. दुपारी परत आले तर जिन्यातच शीळ ऐकू आली. हे एरवी शीळ वाजवत नाहीत. कुठे मोठी खोट सापडली की वाजवतात. मी पिशवी दारातच टाकली.

गॅलरीत हे स्टुलावर बसले होते. बाह्या दुमडलेल्या, कोपरापर्यंत पांढरे, चेहरा पोराला परीक्षेत पहिला नंबर मिळाल्यासारखा. पंखा सुरू. प्लॅस्टिक घडी घालून, कडेला कड जुळवून, कोपऱ्यात ठेवलेलं.

"आलीस? बघ. वाचवल्या."

"काय वाचवलंत?"

"पोरीची अब्रू. अगं, साचाच वाकडा होता! बाराच्या बारा उजव्या बाजूला कललेल्या. बिचारीने कुणाला सांगितलं नाही. आता कळलं ना हात लावू नका का म्हणत होती? लाज वाटली असणार. मी म्हटलं, बाप कशाला बसलाय घरात?"

मी फळीकडे बघितलं. फुलदाण्या उजवीकडे कललेल्या नव्हत्याच. सगळ्या डावीकडे कलल्या होत्या. आणि बारा नव्हत्या, अकरा होत्या.

"अहो, या तर डावीकडे वाकल्यात."

"वाकणारच. मी वाकवल्यात." यांनी मला स्टूल पुढे केलं. आता भाषण होणार होतं. "हे बघ, चिनी मातीला आठवण असते. ओली असताना ती जशी होती, ते ती विसरत नाही. तू तिला नुसती सरळ केलीस, तर ती तेवढ्यापुरती हो म्हणेल. पण मोठ्या आगीत मऊ झाली की परत आपल्या जुन्या बाजूला जाईल. म्हणून सरळ झाली की थांबायचं नाही. तेवढंच पलीकडे ढकलायचं. मग आगीत ती परत येते आणि बरोब्बर मधे थांबते. सरळ!"

मला ते लगेच कळलं. पुस्तकाच्या पानाचा कोपरा एकदा दुमडला की नुसता दाबून सपाट होत नाही, उलटा दुमडावा लागतो. हे मी किती वर्षं मुलांना दाखवत आलेय. कळलं म्हणूनच मी फुलदाण्या परत मोजल्या.

"आणि बारावी?"

"सात नंबरचा गुडघा निघाला. वहीत लिहिलंय." यांनी वही दाखवली. प्रत्येक फुलदाणीचा नंबर, ती किती अंश कललेली होती, किती अंश पलीकडे ढकलली. ओळंबा लावून मोजलेलं. खाली सही आणि तारीख.

"अहो," मी म्हटलं, "त्या मुद्दाम तशा होत्या."

"मुद्दाम म्हणजे?"

"म्हणजे मुद्दाम. दाराकडे बघतायत त्या. कोण आलं ते."

यांनी एकेक फुलदाणी परत न्याहाळली. मग म्हणाले, "नाक मी समजू शकतो. गुडघेही. गिऱ्हाइकाची हौस म्हणून सोडून दिलं मी. पण कलणं? वाकडं मुद्दाम कोण करतं?"

"तुमची मुलगी करते."

"मग मला कुणी सांगितलं का?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "मोजलं असतं," म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. मग पंखा बंद केला. पण फुलदाण्या तोवर हाताला कडक लागत होत्या. हलवल्या तर तडकतील अशा. 'आकार बसावा' म्हणून यांनी सकाळपासून वारा दिला होता.

शुक्रवारी संध्याकाळी भिंगरी आली. केसांत लाकडाचा भुसा, आवाज बसलेला. दोन दिवस सुताराशी भांडून कोनाडे अकराचे अकरा सरळ करून घेतले होते. गॅलरीत गेली. आम्ही दोघं बाहेर, शिक्षा झालेल्या पोरांसारखे उभे.

मग एकदम, "बाबा!"

"अगं, ऐक तरी..."

"तीन नंबर वाचलात का? तीन!"

"मला वाटलं तू लाजेने लिहिलंयस!"

"लाजेने? मी बारा दिवस रोज एक..." ती थांबली. "अकरा का आहेत?"

"सात नंबरचा गुडघा," मी म्हटलं.

"आई, तू गप्प बस. तुला माहीत होतं."

"मी वाचनालयात होते!"

"या घरात सगळे कुठे ना कुठे असतात आणि फुलदाण्यांजवळ नेमके बाबा असतात."

वातावरण निवळावं म्हणून मी म्हटलं, "अगं, मग फिरवून ठेव ना. डावीकडची उजवीकडे होईल."

"आई, फिरवली तर नाक भिंतीला लागेल."

"मग राहू देत डावीकडे बघत. तिकडे काय आहे?"

"बाथरूम!" ती ओरडली. "पाहुणा दारात आल्यावर अकरा जणी तोंड फिरवून बाथरूमकडे बघणार? आणि तसंही त्या डावीकडे राहणार नाहीत. बाबांनी केलंय ना? बाबांनी केलंय म्हणजे आगीत त्या अशा सरळ येतील की भिंत लाजेल. अकरा सरळ, शहाण्या, नाकवाल्या फुलदाण्या. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, तुमचं काम वाईट असतं तर किती बरं झालं असतं!"

असं कुणी यांना कधी बोललं नव्हतं. शिवी होती की शाबासकी, तेही कळेना.

घर ताब्यात द्यायला तेरा दिवस उरले होते. नव्याने ओतायचं तर एका साच्यातून अकरा दिवस. त्यावर वाळवणं, दोनदा भाजणं. जमणारच नव्हतं. भिंगरी जेवली नाही. कललेल्या कपातून पाणी प्यायली आणि कप समोर ठेवून त्याच्याकडे बघत बसली. सोमवारी दुकानात फोन करते, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे माझ्या आधी उठलेले. टेबलावर जुन्या वह्या पसरलेल्या, कारखान्यातल्या. मी म्हटलं, "आता काय सरळ करताय?"

यांनी पान उलटलं. भिंगरी दात घासत बाहेर आली तेव्हा तिच्याकडे न बघता म्हणाले, "भट्टीत भांडं वाकडं येण्याची सतरा कारणं आहेत."

"बाबा, सकाळी सकाळी नको."

"सतराही मला ठाऊक आहेत. सगळी आयुष्यभर बंद करत आलो. एक कारण असं, की भांड्याखालची फळी एका बाजूने उचललेली असते. मोठ्या आगीत चिनी माती मऊ पडते, तेव्हा ते आपल्या वजनाने खालच्या बाजूला झुकतं." मग घसा खाकरून, कुणीतरी दुसरंच बोलतंय अशा आवाजात, "पाचर लावली तर झुकेल."

भिंगरीचा ब्रश तोंडातच राहिला. "पाचर कशाची?"

"याच मातीची. दुसऱ्या कशाची लावलीस तर भांडं आकसेल, पाचर आकसणार नाही, आणि गुडघे फाटतील. दोन्ही बरोबर आकसायला हवं. मधे पांढरी पूड, चिकटू नये म्हणून. वीस वर्षांपूर्वी एका पाळीत दोनशे किटल्या अशा गेल्या होत्या. कुणीतरी फळीखाली खापराचा तुकडा विसरलं. मी तीन दिवस जेवलो नव्हतो."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम..."

"मी नाही. तू. मी फक्त सांगतोय." आणि दहा मिनिटांनी पाचरी हेच कापत बसलेले.

आता तुम्हाला वाटेल, इथून सगळं सुरळीत झालं. कसलं सुरळीत? पुढचे चार दिवस या घरात जे ऐकलं त्यापेक्षा बाजार बरा. यांचं म्हणणं, कललेलंच हवं असेल तर अकराही नऊ अंश. ना जास्त, ना कमी. भिंगरीचं म्हणणं, प्रत्येकीचं कलणं वेगळं.

"एक जण घाबरून बघतेय, एक जण मुद्दाम, एकीला नुसतं बाकीच्या बघतायत म्हणून बघायचंय. सगळ्यांचं नऊ कसं असेल?"

"घाबरून बघणारीचं किती लिहू?"

"बाबा, त्याला आकडा नाही!"

"आकडा नाही तर पाचर कशी कापू? घाबरलेली पाचर कापू का?"

मी स्वयंपाकघरातून ओरडले, "घाबरलेलीला सहा, मुद्दामवालीला अकरा, नुसतीला आठ! लिहा आणि आंघोळीला जा!"

दोघांनीही माझ्याकडे असं बघितलं, की मीच वाकडी. पण आकडे लिहून घेतले.

पहिल्या, साध्या भाजणीत पाचरी आणि फुलदाण्या एकत्र भाजून निघाल्या. त्यात माती फक्त टणक होते, आकार हलत नाही. मग झिलई चढवली, पाय तेवढे कोरडे ठेवले. दुसऱ्या, मोठ्या आगीसाठी भट्टी भरताना परत खडाखडी. दहा नीट बसल्या. अकरावीला जागा फक्त भट्टीच्या दाराशी. हे म्हणाले, "दाराशी आग कमी लागते. तिथली मऊ पडणार नाही पुरती."

"दुसरी जागा दाखवा."

दुसरी जागा नव्हती. अकरावी दाराशी बसली.

सकाळी भट्टी लावली, संध्याकाळी बंद झाली. मग गार व्हायला दीड दिवस. त्या दीड दिवसात हे सात वेळा गॅरेजमध्ये जाऊन आले आणि आठव्यांदा मी किल्ली लपवली. शेवटी तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं.

मला त्या दहा जणींचं वर्णन करता येत नाही. पांढऱ्या, चकचकीत, गुडघे दुमडलेल्या, आणि कुणीतरी जिन्यात आल्यासारख्या एकदम कललेल्या. यांनी ढकललेलं, मातीला आठवलेलं आणि पाचरीने ओढलेलं, सगळं मिळून प्रत्येकीची मान निराळी झाली होती. भिंगरी खाली फरशीवरच बसली आणि एकेक मांडीवर घेऊन बघायला लागली.

अकरावी सरळ होती. काठीसारखी. दाराशी आग कमी लागली. माती आपल्या जुन्या बाजूला यायला निघाली आणि बरोब्बर मधे थांबली.

यांनी ती उचलली. डोळ्यांसमोर धरली. फिरवली. मग खिशात हात घातला, लाल मेणपेन्सिल काढली आणि बुडाला, कोऱ्या भागावर, फुली मारली. "खोट आहे," म्हणाले. "सरळ आलीय."

भिंगरी हसायला लागली आणि हसता हसता तिचा चेहरा पडला. कोनाडे अकरा होते.

घर सजवणाऱ्या बाई दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्याकडेच बघायला आल्या. आमच्या जेवणाच्या टेबलावर दहा ओळीने मांडलेल्या. बाईंनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला. हे मी पहिल्यांदाच बघत होते.

"दहा?"

"अकरावी जमली नाही," भिंगरी म्हणाली. तिने काहीच सांभाळून सांगितलं नाही, ते मला आवडलं. "म्हणजे आहे, पण सरळ आली."

"अगं, तूच सुताराशी भांडून अकरा कोनाडे करून घेतलेस. एक रिकामा ठेवू? भिंतीचा दात पडल्यासारखा?" बाईंनी घड्याळ बघितलं. "परवा ताबा द्यायचाय. दहाच असतील तर मी एकही नाही घेऊ शकत. तिथे साध्या काचेच्या लावून टाकते."

भिंगरीने मान हलवली. फोन तिच्या हातातच होता. फरशीचं दुकान पाच मिनिटांच्या बोलण्यावर होतं.

हे इतका वेळ कोपऱ्यात उभे होते. एकदम म्हणाले, "पहिला कोनाडा दारापासून किती लांब आहे?"

"कशाला?" बाई म्हणाल्या.

"बाबा, आत्ता मोजमाप नको," भिंगरी म्हणाली.

"किती लांब?"

"वीतभर," भिंगरी वैतागून म्हणाली. "दाराच्या चौकटीला लागूनच."

"मग तिथे जी उभी आहे, तिने वाकून कशाला बघायचं? तिला दिसतंय. दार तिनेच उघडलंय. मागच्या दहा जणी तिला विचारतायत, कोण आहे गं?"

मी यांच्याकडे बघत राहिले. या माणसाने इतक्या वर्षांत कधी एका कपालासुद्धा काही दिसतं असं म्हटलं नव्हतं.

बाईंनी सरळ फुलदाणी मागितली. ओळीच्या टोकाला, आमच्या दाराच्या बाजूला ठेवली. मग चपला न घालताच बाहेर गेल्या, दार ओढून घेतलं आणि बेल वाजवली. मी दार उघडलं. बाई उंबऱ्यातच थांबल्या. समोर एक नकटी, ताठ, पोक्त यजमानीण आणि तिच्या मागे दहा जणी माना वाकड्या करून.

बाईंना हसू आवरेना. त्या परत बाहेर गेल्या आणि परत बेल वाजवली. तिसऱ्यांदा मी दार उघडंच ठेवलं, मला दुसरीही कामं असतात.

"चालेल," त्या म्हणाल्या. "चालेल काय, हीच हवी." आणि लगेच फोनमध्ये बघत, "पुढच्या घरात जिना आहे. जिन्याला काय करता येईल बघ." मग ती सरळ फुलदाणी उचलून उलटी केली. "ही फुली कसली?"

भिंगरीने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.

"चूक आहे," हे म्हणाले.

"कुणाची?"

"तपासणीची."

बाई गेल्यावर भिंगरीने दुकानात फोन केला आणि खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगितलं. मी चहा टाकला. हे गॅलरीत फडकं आणि रॉकेलची वाटी घेऊन बसले. मेणाचा लाल रंग त्या कोऱ्या मातीत शिरला होता, निघता निघेना. चौतीस वर्षांत यांनी फुली कधी पुसली नव्हती, त्यामुळे ती कशी पुसायची हेच ठाऊक नव्हतं.

"बाबा, राहू दे," भिंगरी म्हणाली. "बुडाला आहे, कुणाला दिसतेय?"

"मला दिसतेय."

"तुम्ही काय त्यांच्या घरी जाऊन उलटी करून बघणार आहात?"

हे घासतच राहिले. म्हणजे जाणार होते.

"जिन्याचं काम घेतलंयस, त्याला पायऱ्या किती?" यांनी घासता घासता विचारलं.

"माहीत नाही अजून."

"उतरणाऱ्याकडे बघायचं की चढणाऱ्याकडे?"

"बाबा!"

"विचारतोय फक्त. हात लावत नाहीये."

चहा तिसऱ्यांदा गरम करावा लागला.